रूळ वाढायलाच हवेत. पण वाढीव लोकल कुणाची आणि मोडलेलं घर कुणाचं?

१८ फेब्रुवारी २०२२ रोजी ठाणे-दिवा दरम्यानच्या पाचव्या आणि सहाव्या मार्गिकेचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. सुमारे ६२० कोटींचा खर्च, १.४ किलोमीटर लांबीचा रेल्वे उड्डाणपूल, तीन मोठे आणि एकवीस लहान पूल असं ते काम. मंजुरी २००८ ची, म्हणजे चौदा वर्षं गेली. नव्या रुळांमुळे मध्य रेल्वेवर ३६ लोकल फेऱ्या वाढल्या अशी घोषणा झाली. त्या ३६ पैकी ३४ फेऱ्या एसी लोकलच्या होत्या. साध्या दुसऱ्या वर्गाचा पास काढून दिवा, मुंब्रा, कळव्याहून कामाला जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला उरल्या दोन.

त्याच्या महिनाभर आधी, जानेवारी २०२२ मध्ये, याच पट्ट्यात रेल्वेच्या जागेवर राहणाऱ्या लोकांच्या दारावर नोटिसा चिकटल्या होत्या. सात दिवसांत घर रिकामं करा, नाहीतर पाडू. कळवा-मुंब्र्यात लोक रस्त्यावर उतरले, पुढारी धावून आले, कारवाई तेवढ्यापुरती थांबली.

या दोन बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या जातात. एक विकासाच्या पानावर, दुसरी अतिक्रमणाच्या. आपणही त्या वेगवेगळ्याच वाचतो. माझं म्हणणं असं की ही एकाच घराची बातमी आहे. ज्या घरावर नोटीस लागते, त्याच घरातला माणूस सकाळी लोकलच्या दाराला लटकतो. रूळ वाढले नाहीत तर तो गाडीतून पडतो, आणि रूळ वाढले तर त्याचं घर पडतं. यातलं काहीतरी एक निवडा, असं जेव्हा आपल्याला सांगितलं जातं तेव्हा आपण ती निवडच नाकारायला हवी.

मी हे कराडला खेटून असलेल्या मलकापुरात बसून लिहिते आहे. इथे लोकल नाही. आमचं स्टेशन कराडचं, तेही शहराबाहेर ओगलेवाडीला. मग मुंबईच्या रुळांची उठाठेव कशाला? कारण कराड, पाटण, माण, खटाव या तालुक्यांत अशी बौद्धवस्ती सापडणार नाही जिथलं कुणी मुंबईला गेलेलं नाही. कुणी गिरणीत गेलं, कुणी गोदीत, कुणी रेल्वेच्या वर्कशॉपात, कुणी १९७२ च्या दुष्काळात नुसतंच पोट घेऊन. ज्यांना बीडीडी चाळीत खोली मिळाली ते नशीबवान. बाकीच्यांनी जिथे जागा दिसली तिथे पत्रे ठोकले, आणि मुंबईत मोकळी जागा दिसायची ती नाल्याकाठी, खाडीकाठी आणि रुळाकाठी. माझी मावशी ठाण्याच्या पुढे अशाच एका वस्तीत तीस वर्षं राहते. तिचा मुलगा दादरला कामाला जातो, सून मुलुंडला चार घरची कामं करते. दोघंही लोकलने. त्या घरात रेल्वे दोन्ही बाजूंनी आहे, भिंतीपलीकडेही आणि पगारातही.

आणि दुसरंही एक नातं आहे. कराडहून आम्ही ज्या कोयना एक्स्प्रेसने मुंबईला जातो, ती कल्याणच्या पुढे मुंबईच्या उपनगरी जाळ्यात शिरते. पूर्वी अशा सगळ्या मेल-एक्स्प्रेस गाड्या लोकलच्याच जलद मार्गांवरून धावायच्या. एक एक्स्प्रेस पुढे काढायची तर मागे लोकल थांबवायची. पाचवी-सहावी मार्गिका हवी ती याचसाठी, की लांब पल्ल्याच्या गाड्यांना स्वतंत्र रूळ मिळावेत आणि उरलेले चार रूळ लोकलला मोकळे व्हावेत. कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत हे आता झालं आहे. कुर्ला ते सीएसएमटी हा साडेसतरा किलोमीटरचा तुकडा त्याच २००८ च्या मंजुरीतला, आणि अजून रखडलेला. जागा नाही, मध्ये वस्त्या आहेत, मध्ये जुने पूल आहेत. म्हणजे कोयना कुर्ल्यापर्यंत आपल्या रुळावरून येते आणि पुढे पुन्हा लोकलच्या वाटेत उभी राहते.

रेल्वे आणि आपला समाज यांचा हिशेब मात्र पाचव्या-सहाव्या मार्गिकेपेक्षा फार जुना आहे, आणि तो आमच्याच तालुक्यातून सुरू होतो. मसूर हे कराड तालुक्यातलं स्टेशन. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून आगगाडीत बसून लहानगे भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे मसूरला उतरले. वडील गोरेगावला नोकरीला होते, त्यांच्याकडे जायचं होतं. नवे कपडे घातलेली पोरं बघून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करायला आला. पोरांनी जात सांगितली आणि तो मागे सरला. एकही गाडीवान बैलगाडी द्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, अट अशी की गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. ती रात्र त्यांनी पाण्याशिवाय काढली. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली ही हकीगत आपल्या घराघरांत माहीत आहे. मी ती एका वेगळ्या कारणासाठी आठवते. साताऱ्यापासून मसूरपर्यंत, गाडीत, त्या पोरांना काही झालं नाही. तिकीट काढलं आणि बसले. अपमान सुरू झाला तो रूळ संपल्यावर, फलाटावर, जिथे गावाची सत्ता सुरू होत होती.

म्हणून आंबेडकरी माणूस रेल्वेच्या विरोधात असूच शकत नाही. खेड्याबद्दल बाबासाहेबांना कसलाही उमाळा नव्हता. संविधान सभेत त्यांनी खेड्याचं गोडवे गाणाऱ्यांना जे सुनावलं ते प्रसिद्ध आहे. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी धरणं, वीज, जलमार्ग यांचं नियोजन केलं. मोठी कामं, सरकारी कामं, सर्वांना वापरता येतील अशी कामं त्यांना हवी होती. तेव्हा 'विकासविरोधी' हा शिक्का आपल्यावर मारू पाहणाऱ्यांनी जरा अभ्यास करावा.

पण त्याच बाबासाहेबांनी रेल्वेच्या आतली जातही उघडी केली होती. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचं भाषण तिथलं. ते वाक्य आपण भिंतींवर रंगवतो, पण त्याच भाषणातला तपशील विसरतो. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, त्याला बढती नाही, असं त्यांनी दाखवून दिलं. त्याला साधं स्टेशनवरचं पोर्टरचं कामही मिळत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तरला घरची कामं करून घ्यायची असतात आणि अस्पृश्याला घरात कसं घेणार! रूळ अंथरायला, गिट्टी ठोकायला चालतो, उंबऱ्याच्या आत चालत नाही. समाजशास्त्राच्या वर्गात 'श्रमविभागणी नव्हे, श्रमिकांची विभागणी' हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं; मनमाडचं भाषण वाचल्यावर ते डोळ्यांनी दिसलं.

आज रेल्वेच्या कायम नोकरीत आरक्षण आहे. ते मनमाडसारख्या लढ्यांनी आणि संविधानाने मिळवलं. पण नवे रूळ, नवे पूल बांधतो कोण? ठेकेदार. ठेकेदाराच्या हजेरीपटावर आरक्षण नाही, बढती नाही, पेन्शन नाही. रेल्वेचा पसारा वाढतो तसा आरक्षणाखालचा भाग आपोआप आकसत जातो, कुणाला कायदा बदलावा लागत नाही.

कायम नोकरीतला माणूस तरी सुरक्षित आहे का? २२ जानेवारी २०२४ च्या रात्री वसई रोड-नायगाव दरम्यान सिग्नलच्या दुरुस्तीला गेलेले पश्चिम रेल्वेचे तीन कर्मचारी लोकलखाली आले. जिथे दर तीन-चार मिनिटांनी गाडी जाते तिथे रुळावर काम करणाऱ्याला उसंतच मिळत नाही. रूळ कमी आणि गाड्या जास्त असल्या की दुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवायला कुणी राजी नसतं. मेगाब्लॉकला आपण सगळे शिव्या घालतो, पण ट्रॅकमनसाठी तेवढाच वेळ असतो. जास्तीची मार्गिका असेल तर एक रूळ बंद ठेवून काम करता येतं. प्रवाशांच्या सोयीच्या भाषेत हे कधी बोललं जात नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

प्रवाशांचं तर काय सांगायचं. मुंबईच्या लोकलने रोज सत्तर लाखांहून जास्त माणसं प्रवास करतात. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात. ती एवढी की रेल्वेला त्यासाठी वेगळा शब्दप्रयोग शोधावा लागला. उपनगरी मार्गावर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास मृत्यू होतात, त्यातले बरेचसे रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. किमान चार जण गेले. हा तोच पट्टा आहे जिथे २०२२ साली नव्या मार्गिकेचं उद्घाटन झालं होतं. अपघातानंतर घोषणा झाली की नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवणार. दार बंद केलं म्हणून बाहेरची माणसं आत मावणार आहेत का? आत जागा व्हायला गाड्या वाढाव्या लागतात, आणि ज्या वाढतात त्यात साध्या पासवाल्याला चढता यावं लागतं.

इथे त्या ३४ एसी फेऱ्यांकडे परत यावं लागतं. एसी लोकलचा मासिक पास साध्या दुसऱ्या वर्गाच्या पासाच्या कितीतरी पट महाग आहे. मे २०२२ मध्ये एसीच्या एकेरी तिकिटाचे दर निम्म्यावर आणले, पण रोजचा कामगार पासावर जातो, एकेरी तिकिटावर नाही. पुढे साध्या लोकल काढून त्यांच्या जागी एसी लावायला सुरुवात झाली, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये कळव्यात आणि बदलापुरात प्रवासी रुळांवर उतरले. २५ ऑगस्टपासून दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. एसीला माझा विरोध नाही. घामाघूम होऊन काम करणाऱ्या बाईलाही गारवा आवडतोच. तिच्या पासात एसी द्या, आम्ही स्वागत करू. पण सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक जमिनीवर, गरिबांची घरं हलवून मोकळी केलेली वाट जर आधी महागड्या तिकिटवाल्याला मिळत असेल, तर तो रूळ कुणासाठी टाकला याचं उत्तर सरकारने दिलं पाहिजे.

आता घराचं बोलू.

रुळाकाठच्या वस्तीचं नाव काढलं की पहिला शब्द येतो 'अतिक्रमण'. २००० सालच्या सुरुवातीला हार्बर मार्गालगतच्या सुमारे दोन हजार झोपड्या रेल्वेने पाडल्या. लोकांनी तीव्र विरोध केला. त्यानंतर मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात, जागतिक बँकेच्या कर्जाची अट म्हणून का होईना, एक गोष्ट मान्य झाली: मालकीचा कागद नसलेल्यालाही घराच्या बदल्यात घर मिळालं पाहिजे. रेल्वे आणि रस्ते मिळून सुमारे एक लाख माणसं हलवली गेली आणि प्रत्येक कुटुंबाला २२५ चौरस फुटांचं घर मिळालं. देशात एवढ्या मोठ्या प्रमाणावर असं क्वचितच झालं होतं. हे श्रेय द्यायला मला संकोच वाटत नाही. 'पुनर्वसन शक्यच नाही' असं म्हणणाऱ्यांना ते तोंडावर सांगायला हवं.

पण ते घर कसलं होतं? लोक मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये, गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये, वाशी नाक्याला नेऊन ठेवले. ज्यांची धुणीभांड्यांची कामं, पथारी, बिगारी सगळं जुन्या वस्तीच्या आसपास होतं, त्यांची कमाई तुटली. तक्रारी जागतिक बँकेच्या तपासणी मंडळापर्यंत गेल्या आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचा निधी काही महिने थांबवला. २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' आणि आयआयटी मुंबई यांच्या अभ्यासाने याच वसाहतींतल्या क्षयरोगाचा संबंध इमारतींच्या रचनेशी जोडून दाखवला. इमारतींमधलं अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, आणि क्षय खालीच जास्त. रुळाकाठच्या झोपडीत गाडीचा आवाज होता, धूळ होती, पोरांच्या जिवाला घोर होता, पण दार उघडलं की उजेड यायचा. पक्क्या घरात माणसं खोकायला लागली. गावाबाहेर, कडेला, उतरत्या वाऱ्याच्या दिशेला वाडा ठेवायची रीत आपल्याला माहीत आहे. ती सिमेंटमध्येही बांधता येते.

त्यानंतरचा काळ आणखी मागे गेलेला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सुरतच्या उत्राण-बेस्थान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या जागेवरची बांधकामं हटवण्याची वाट मोकळी केली. बेघर होणाऱ्याला मदत ठरली महिना दोन हजार रुपये, सहा महिने. एकूण बारा हजार. एवढ्या पैशात ठाण्याच्या पुढे खोलीचं डिपॉझिटही होत नाही. त्याच आदेशात अतिक्रमण होऊ देणाऱ्या रेल्वे अधिकाऱ्यांवर कारवाई करा असंही म्हटलं होतं. नोटिसा झोपड्यांवर चिकटल्या, बंगल्यांवर नाही. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं याच न्यायालयाने म्हटलं होतं. ते म्हणूनही फुटपाथवरची माणसं उठवायची मुभा दिली होती, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबा एवढंच. न्यायालयाच्या निकालावर विसंबून घर वाचतं, हा भ्रम आपण ठेवू नये.

'रेल्वेकडे जागाच नाही, पुनर्वसन कुठे करणार?' हा सवाल मी अनेक चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. उत्तर सोपं आहे. धारावी पुनर्विकासासाठी माटुंगा-दादर पट्ट्यातली रेल्वेची सुमारे ४५ एकर जमीन दिली गेली. मुंबईच्या ऐन मध्यावरची, स्टेशनाला लागून. रेल्वेच्या मोकळ्या जमिनी व्यापारी वापरासाठी भाडेपट्ट्याने द्यायला रेल्वेचं एक स्वतंत्र प्राधिकरणच आहे. विकासकाला हवी तेव्हा जमीन निघते. मग कळव्याच्या माणसाला कळव्यातच, स्टेशनापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर घर द्यायला ती का निघत नाही?

आता थोडं आपल्या लोकांबद्दल, राग आला तरी चालेल. आपल्यातला जो शिकला, नोकरीला लागला, त्याने बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळ्याला फ्लॅट घेतला. चांगलंच केलं. रोज दोन-दोन तास गाडीत उभा राहतो, कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका कधी होते याची वाट बघतो. तीही २०१९ च्या टप्प्यात मंजूर झाली आहे. या माणसाशी बोलताना मला वारंवार ऐकायला मिळतं, 'त्या झोपड्यांमुळे काम अडलंय बघा ताई.' घरात बाबासाहेबांची तसबीर, आणि मनात ज्या वस्तीतून स्वतःचे आईवडील आले तिच्याबद्दल हा भाव. दुसऱ्या बाजूला आपले वस्तीतले कार्यकर्ते. त्यांचं भाषण 'एकही झोपडी हलू देणार नाही' इथे सुरू होतं आणि तिथेच संपतं. वस्तीतल्या बाईला विचारा, तिला रुळाच्या चार फुटांवर जन्म काढायचा आहे का? तिला हलायचं आहे. पक्क्या घरात, जवळच, आणि आधी. दोघांची मागणी एकमेकांच्या विरोधात नाहीच, ती तशी मांडली जाते. काम रखडतं ते झोपडी असते म्हणून नाही, पुनर्वसनाचं काम रुळाच्या कामाबरोबर सुरूच केलं जात नाही म्हणून. २००८ साली मार्गिका मंजूर झाली त्याच वर्षी बाधितांच्या घरांचा पाया खणला असता, तर चौदा वर्षं गेली नसती.

गावाकडची गोष्ट वेगळी नाही. पुणे-मिरज मार्गाच्या दुहेरीकरणासाठी आमच्या भागात जमिनी गेल्या तेव्हा मोबदल्यासाठी शेतकरी भांडले, आणि ते रास्तच होतं. पण जमीन गेलेल्या शेतकऱ्याला निदान सातबारा असतो. त्याच रानात वर्षानुवर्षं रोजंदारी केलेल्या भूमिहीनाचं नाव कुठल्याच यादीत दिसत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात तीन वर्षं त्या जमिनीवर राबणाऱ्या शेतमजुराला, वाटेकऱ्याला बाधित कुटुंब धरलं आहे. हे आपल्या किती वाड्यांत कुणी जाऊन सांगितलं?

पुलांचं थोडं वेगळं. लोहमार्ग शहराचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे करतो, आणि ते दोन तुकडे पायी ओलांडणारा माणूस बहुधा गरीबच असतो. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं मेली. गिरण्या गेल्या, तिथे कार्यालयं उभी राहिली, माणसं कितीतरी पट वाढली आणि जिना तेवढाच राहिला. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळला, तोही तपासणीत ठीक ठरलेला. मेलेल्यांत जी. टी. रुग्णालयात रात्रपाळीला निघालेल्या तीन परिचारिका होत्या. सायनचा शंभरी उलटलेला पूल पाचव्या-सहाव्या मार्गिकेसाठी ऑगस्ट २०२४ पासून बंद केला, एल्फिन्स्टनचा रस्त्याचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला. हे पूल पाडायला हवेतच, पण पाडताना वळसा गाडीवाल्यासाठी आखला जातो, चालणाऱ्यासाठी नाही. दिव्याचं फाटक, तिथला रखडलेला पूल आणि त्या फाटकापाशी रूळ ओलांडणारी माणसं हा तर वेगळ्या लेखाचा विषय. आमच्या मलकापुरातही महामार्गावरचा जुना उड्डाणपूल पाडून नवा बांधायला घेतला, तेव्हा धूळ खाल्ली ती रस्त्याकडेच्या फेरीवाल्यांनी आणि पायी शाळेला जाणाऱ्या पोरांनी. चारचाकीच्या काचा वर होत्या. दर सहा डिसेंबरला दादर स्टेशनाच्या पुलांवरून लाखो माणसं शिस्तीत चैत्यभूमीकडे जातात. त्या एका दिवसाच्या बंदोबस्तासाठी रेल्वेने जे करून दाखवलं ते रोजच्या गर्दीसाठीही करता येतं, एवढं म्हणायचा हक्क आपल्याला आहे.

मग करायचं काय? मोर्चे होतीलच. पण त्याआधी एक कंटाळवाणं काम आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या रुळाकाठच्या वस्त्यांनी, विशेषतः महिला मिलनच्या बायकांनी, स्वतःची घरं स्वतः मोजली होती. सरकार मोजायला आलं तेव्हा त्यांच्याकडे आधीच वही तयार होती. पुढे पुनर्वसनाची यादी ठरताना ती मोजणी कामाला आली. बोरिवली-विरार, कल्याण-बदलापूर, कल्याण-आसनगाव, जिथे जिथे नव्या मार्गिका मंजूर आहेत तिथल्या आपल्या वस्त्यांनी सर्वेक्षणवाल्यांची वाट न बघता हे आत्ता सुरू करावं. बुद्धविहारात टेबल मांडा, शनिवार-रविवार पुरेल. गावाकडून मदतीला पोरं हवी असतील तर कराड-मलकापुरातून आम्ही येऊ.

घरक्रमांक, रुळापासूनचं अंतर, किती वर्षांपासून राहता, वीजबिल, रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, मुलांच्या शाळेचा दाखला. प्रत्येक कागदाची झेरॉक्स जोडून. भाडेकरूंना वगळू नका, यादीतून सगळ्यात आधी तेच गळतात. एकट्या बाईचं घर तिच्याच नावावर लिहा, दिराच्या नाही. जातीचा रकाना ठेवा, लाजू नका. आणि शेवटी एक रकाना असा ठेवा जो सरकारी तक्त्यात सापडणार नाही: या घरातून रोज लोकलने कोण जातं, कोणत्या स्टेशनवरून, किती वाजताच्या गाडीने, आणि त्याच्या खिशात पास कोणत्या वर्गाचा आहे.